पंच क्रमांक दोन

वर्ध्याहून सायबरवाले आले
तेव्हा मी शाळेच्या खिचडीची डाळ निवडत होते.
फौजदार म्हणाले, दोन पंच पाह्यजेत,
एक बाई असली तर बरं.

पंच क्रमांक एक : मारोतराव ढोके, वय चौसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती.
पंच क्रमांक दोन : पंचफुला खोब्रागडे, वय एक्कावन्न, धंदा घरकाम.
नावातच पंच आहे, म्हणून साहेब हसले.
मी म्हटलं, घरकाम नाही जी, सचिव, बचत गट.
ते त्यांनी लिहिलं नाही.

मनीष डंभारेची खोली. पूर्वी इथं कापूस भरत.
सरकी अजून फटींमधून निघते.
एक लॅपटॉप. तीन मोबाईल. एक कूलर, चालू स्थितीत.
एक फलक, त्यावर केशरी फुलं :
‘पळस कॉइन. ज्याला मालक नाही असं नाणं.’

मारोतरावांनी चष्मा पुसला.
नाणं कुठी आहे, साहेब?
साहेबांनी लॅपटॉपकडे पाह्यलं, मग खिडकीकडे,
मग मुद्देमालाच्या रकान्यात
नग : आणि पुढं बराच वेळ काही नाही.

मागच्या साली समाजमंदिरात
मनीषनं खडूनं गोल काढले होते.
हे तुम्ही, हे तुम्ही, हा मी पण तुमच्यातलाच एक.
ना बँक, ना तहसील, ना कोणाची सही.
हिशेब प्रत्येकाच्या मोबाईलवर,
एकानं खोडला तरी बाकीच्यांकडं राहते.
मले पटलं. खोटं काहून बोलू.
आमच्या गटाची पेटी अशीच आहे :
तीन कुलपं, तीन किल्ल्या, तीन बाया.

त्याच रात्री मी पेटी उघडायला निघाले होते.
रुखमाची किल्ली मिळाली. माझी कमरेलाच.
शेवंता मात्र लेकीच्या बाळंतपणाला हिंगणघाटला,
किल्ली तिच्या बटव्यात, तिथंच.
काय काय बोलले मी तिला!
एवढा भाव वाढून राह्यला अन् ही बाई
सुंठवडा कुटत बसली.
मग माझे स्वतःचे चार हजार नेऊन दिले.
गटाचे वाचले. त्यात माझी अक्कल काही नाही.

मनीषची आई चहा घेऊन आली.
लेकाच्या जप्तीला आलेल्यांसाठी
कपबशा चांगल्यातल्या काढल्या होत्या तिनं.
हे पंचनाम्यात नाही.

हवालदार म्हणाला, चारशे वीस गेलं आता,
नवीन कायद्यात तीनशे अठरा.
मारोतराव म्हणाले, पळसाला पानं तीनच.
कोणी हसलं नाही.

मग गादीखालून वही निघाली, दुरेघी, शाळेतली.
शेवटच्या पानावर बारा शब्द, इंग्रजी,
एकाखाली एक, पाढ्यासारखे.
हीच किल्ली, साहेब हळूच म्हणाले,
जशी वही झोपली आहे अन् उठायला नको.
पूर्ण नाण्याची?
पूर्ण नाण्याची.
तीनशे घरांचे पैसे, अन् गादी एकाची.
तो हवं तेव्हा नवं नाणं पाडू शकत होता,
आपलं गोठवू शकत होता,
अन् खडूच्या गोलांना कळलंही नसतं.

वही पाकिटात गेली. पाकिटावर लाख.
आता ती वर्ध्याच्या मालखान्यात राहील,
तारखांवर तारखा पडेपर्यंत.
म्हणजे परत एकाच कुलपात, मी म्हटलं.
साहेब म्हणाले, सरकारच्या, बाई.
मी गप्प राह्यले. शेवंता असती
तर गप्प राह्यली नसती.

सही करताना विचारलं, एक ओळ लिहू का?
नोंद सगळ्यांकडं होती, किल्ली एकाकडं.
साहेब म्हणाले, पंचनाम्यात मत लिहीत नसतात,
फक्त डोळ्यांनी पाह्यलेलं.
मी म्हटलं, तेच तर सांगून राह्यले जी.

त्यांनी पेन परत मागितला.